लाल चिंधीची कात्री

मास्तरीणबाईंची बोटं दोन वर्षं सुजत होती. शिवणखोलीत कापड बेतायचं काम त्यांचं, आणि सकाळी कात्रीत अंगठा जाता जात नसे. पहिल्या डॉक्टरने संधिवात म्हणून गोळ्या दिल्या, पण काडीचा फरक पडला नाही. दुसऱ्याने रक्त तपासलं तेव्हा खरा चोर सापडला. हिपॅटायटिस सी! सांध्यांची सूज त्या विषाणूचीच करणी होती.

बातमी खोलीत फुटली. तोवर बाईंची कात्री सगळ्या जणी पुठ्ठे कापायला पळवत, बोथट करून ठेवत आणि बाईंचं ओरडणं कानाआड करत. आता काज-बटणवालीने तिला लाल चिंधी बांधली. "हात लावू नका गं, रक्ताचा आजार आहे."

बाई कडाडल्या, "आजार मला झालाय, कात्रीला नाही!" पण चिंधी राहिली.

बारा आठवडे त्यांनी रोज गोळी घेतली, एकही चुकवली नाही. आणखी बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. विषाणूचा मागमूस नव्हता, बोटंही वळू लागली होती. त्यांनी रिपोर्ट टेबलावर आपटला. "घ्या, वाचा मोठ्याने!"

काज-बटणवालीने वाचला, ओशाळली आणि चिंधी सोडायला पुढे झाली. "बरं झालं बाई. द्या ना जरा, एवढा पुठ्ठा कापते."

बाईंनी कात्री हिसकावली आणि त्याच बोटांनी चिंधीची गाठ करकचून आवळली.

"वीस वर्षांत पहिल्यांदा हिची धार सहा महिने टिकलीय. आता लावून बघा हात!"