तीन टोल

मी एक जुनी घंटा आहे, मित्रांनो. अकोल्याजवळच्या एका बंद पडलेल्या स्टेशनात लटकते आहे. खोटं कशाला बोलू, माझ्यामुळे एका आईची गाडी चुकली होती!

विलायतेला आमच्या वऱ्हाडातल्या कापसाचं वेड लागलं, तेव्हाची गोष्ट. रूळ नवे, मीही नवी. माझे तीन टोल पडले की गाडी सुटायची. काय रुबाब होता माझा!

एका सकाळी पार्बताबाई आली. तिची लेक सुभद्रा अकोल्याला सासरी बाळंतपणात अडली होती. बाईनं बोचकं डब्यात ठेवलं आणि तेवढ्यात तिला मी दिसले. झालं! ती खाली उतरली, मला कुंकू लावलं आणि देवळातल्यासारखे तीन टोल दिले. गाडी निघाली की हो! बोचकं गाडीत, बाई फलाटावर.

स्टेशनमास्तर कमलाकांत धावत आले. "अहो बाई, काय केलंत हे!"

"घंटा दिसली तं वाजवली, बापा! लेकीसाठी देवाले हाक मारली. मले काय मालूम गाडी पयते म्हून!" ती मटकन खाली बसली. "माही सुभद्रा वाट पाहून राहिली, मास्तर. आता कशी जाऊ मी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागून कापसाची मालगाडी येणार होती. तिच्यात माणसं बसवायची मनाई. मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला, मालगाडीच्या गार्डापुढे हात जोडले आणि बाईला त्याच्या डब्यात बसवलं. ती गेली, पण पोचली की नाही, काही कळेना. मास्तर रोज अकोल्याहून येणाऱ्या गाडीत डोकावत.

सव्वा महिन्यानं पार्बताबाई उतरली. मागे सुभद्रा, तिच्या कुशीत दुपट्यातली नात! बाई माझ्यापासून चार हात लांब, हात पाठीमागे बांधून उभी राहिली. मास्तरांनी गाडी जाऊ दिली, रुळावर दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वाजवा आता."

तिनं डोळे पुसत तीन टोल दिले. इतकी गोड मी पुन्हा कधी वाजले नाही.

पुढे स्टेशन बंद झालं, रूळही उचलून नेले. माझ्यावर धूळ बसली आहे आणि कधी कधी फार एकटं वाटतं. मित्रांनो, इकडे आलात तर मला जरा पुसा, आणि खुशाल वाजवा. आता कुणाच्याच आईची गाडी चुकणार नाही.