चंचीतल्या दोन गोळ्या

मित्रांनो, मी एक चंची. तुम्ही मला पाहिलेलं नसेल, म्हणून सांगते: पानसुपारी ठेवायची कापडी पिशवी, कप्प्याकप्प्यांची. सोनारी गावच्या नागूबाईंनी मला जुन्या लुगड्यातून शिवलं आणि मुलाच्या, व्यंकटच्या कमरेला खोचलं. मेंढरांमागं माळामाळानं हिंडले मी. काताचा वास, उन्हातली पेंग, लांबून येणारी काळभैरवाच्या देवळातली घंटा. काय दिवस होते ते!

पुढं व्यंकटला एचआयव्ही निघाला. रोज एक गोळी, जन्मभर. डबी खुळखुळली की लोक विचारतात, म्हणून त्या गोळ्या माझ्या आतल्या कप्प्यात आल्या. घरात आजाराचं नाव कुणी घेईना. तिन्हीसांजेला बायको महादेवी हळूच विचारायची, गोळी घेतली का? तो म्हणायचा, व्हय. चौदा वर्षं सुरळीत गेली. गडी ठणठणीत होता, बरं का.

मग तो जीपमधून पडला, मणका दुखावला. दहा दिवसांपुरत्या दिलेल्या, अफूच्या जातीच्या वेदनेच्या गोळ्या तो दोन वर्षं घेत राहिला. त्या माझ्या पुढच्या कप्प्यात. एक घेतली की माळ तरंगायचा, मेंढरं ढगात चरायची, गेलेली आई हाक मारायची. मलाही गुंगल्यागत व्हायचं, खोटं कशाला बोलू? पण त्या गुंगीत आतल्या कप्प्याकडं त्याचा हात जाईनासा झाला. महादेवीनं विचारलं की तो व्हय म्हणायचा. मला तोंड असतं तर!

धाराशिवच्या दवाखान्यात तपासलं, तर रक्तातला विषाणू पुन्हा वाढलेला. समुपदेशक शिवकन्याताईंपुढं महादेवी रडकुंडीला आली. रोज विचारते, म्हणाली. व्यंकटनं मान खाली घालून मला उलगडलं. आतला कप्पा गच्च भरलेला.

"मंग व्हय कशाला म्हणत व्हता तुमी?"

"तू नुसतं गोळी म्हणायचीस. गोळी तर म्या घेतच व्हतो."

ताई रागावल्या नाहीत. वेदनेची गोळी एकदम तोडू नका, डॉक्टर ती हळूहळू कमी करतील. दुसरी मात्र एक दिवसही चुकवू नका, म्हणाल्या. परतताना एसटीत व्यंकटच बायकोला म्हणाला, आता नाव घेऊन विचारत जा.

दुसऱ्या दिवशी अंगणात शेजारपाजारची माणसं बसली होती. महादेवीनं सगळ्यांदेखत विचारलं, "एचआयव्हीची गोळी घेतली का?"

शेजारच्या मल्लम्मानं उठून पाण्याचा तांब्या व्यंकटपुढं केला.

मित्रांनो, आपल्या माणसाच्या आजाराचं नाव घ्यायला लाजू नका. न घेतलेल्या एका नावापायी माझा व्यंकट हातचा जात होता.