लुपेच्या वाटचं

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला, तसं लोसाने टेबलावरचं सरकारी पत्र घाईघाईने ब्रेडच्या डब्याखाली सरकवलं. रविवारची प्रार्थना आटोपून, चर्चला जाताना रिवाजाने कंबरेला बांधायची चटई तशीच गुंडाळलेली सेइनीताई येत होती. लोसापासून वेगळ्या झालेल्या नवऱ्याची, सेमिसीची, थोरली बहीण. तोंगा बेटांवरून आलेल्या या घरांत मुलांवर बापाहून मोठा अधिकार आत्याचा. तिचा शब्द भाऊ खाली पडू देत नाही.

पत्रात प्रश्न एकच होता. सेमिसीने चार वर्षं मुलीचा, लुपेचा, खर्च दिला नव्हता. ती थकबाकी वसूल करायची की माफ? "माफ कर," तो फोनवर म्हणाला होता, "ऑफिसातून नोटीस आली तर आपल्या माणसांत काय तोंड दाखवू?"

लोसाला त्याच्या तोंडाची काळजी नव्हती. पण सेमिसी गेला तरी त्याची माणसं लुपेची राहिली होती. चर्चच्या गाण्यात आत्या तिला पहिल्या रांगेत उभी करायची, वाढदिवसाला शेजारी बसवायची. एका कागदापायी पोरीचं हे गोत तुटलं तर? आठवडाभर तिला धड झोप नव्हती.

"काय गं, मला बघून ब्रेड लपवतेस?" सेइनीताई आत येत म्हणाली. "राहू दे तुझा ब्रेड. लू आणलंय मी."

अळूच्या पानात नारळाच्या दुधासकट भाजलेलं मटण. पुडी उघडताच घरभर वास सुटला. नऊ वर्षांची लुपे बोटं चाटत जेवली.

"शाळेच्या शिबिराला कधी निघायचं?" आत्याने विचारलं.

"मी नाही जाणार. तिथे डास चावतात."

"ऑगस्टात, ऐन हिवाळ्यात? ऑकलंडच्या या गारठ्यात डाससुद्धा स्वेटर घालून झोपतात."

लुपे हसली नाही. तिने आईकडे चोरून पाहिलं आणि ताटात मान घातली. लोसाला ठाऊक होतं. शिबिराचा फॉर्म दप्तरात होता. फीचा आकडा पाहून 'येणार नाही' या चौकोनात पोरीने स्वतःच पेन्सिलीने खूण केली होती. आईला काही न विचारता.

"लुपे, गाडीतली पिशवी घेऊन ये जा," आत्या म्हणाली. पोर बाहेर पडताच तिने डबा उचलून पत्र काढलं. "सेमिसीने मला सही आणायला पाठवलंय."

लोसाने पेन उचललं. "करते मी सही, ताई. फक्त लुपेला तोडू नका."

सेइनीताईने लोसाचा पेनाचा हात आपल्या हातात घेतला.

"वेडे, तिला तोडायला ती काय फांदी आहे? माझं रक्त आहे ती. मी शब्द टाकला तर सेमिसी उद्या पैसे आणून ठेवेल. पण माझ्या धाकाने. मी गेल्यावर? पोरीचं भलं माझ्या श्वासावर टांगून ठेवू नकोस."

"मागायची लाज वाटते हो."

"तू मागतेस कुठे? हे लुपेच्या वाटचं आहे. जे तुझं नाहीच, ते तू माफ कसं करणार?"

लोसा पत्रातल्या 'वसूल' आणि 'माफ' या दोन चौकोनांकडे पाहत राहिली. मुलीने पेन्सिलीने जे सोडलं होतं, तेच आपण पेनाने सोडणार होतो! तिने 'वसूल' पुढे खूण केली.

"पत्र मी टाकते," सेइनीताई म्हणाली. "त्याने विचारलं तर माझं नाव सांग."

मग लुपे पिशवी घेऊन आली, तेव्हा लोसा म्हणाली, "शिबिराचा फॉर्म आण. आणि खोडरबर."

शिबिराच्या दिवशी सकाळी सेमिसी दारात उभा होता. हातात झोपायची नवी उबदार पिशवी. "पगारातून कापायला लागलेत," तो खाली बघत म्हणाला. "कापायची वेळच यायला नको होती." लुपेने पिशवीला गाल घासून पाहिला, मग बापाच्या बाहीला.

आपल्यातल्या कितीजणी 'जाऊ दे, नाती टिकू देत' म्हणत मुलांच्या वाटचं सोडून देतात! तो मोठेपणा आपल्याला वाटतो. त्याची किंमत मात्र मूल गुपचूप भरत असतं. मुलाचा हक्क मागितल्याने तुटेल असं नातं आधीच तुटलेलं असतं. आणि जे खरं असतं, ते मागणाऱ्याचा हात धरून उभं राहतं.