धाकटा वर, थोरला खाली

"मॅडम, ती पेटी नका उघडू," मी म्हणालो, पण तोवर कडी निघाली होती.

आज त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस. वर सभागृहात खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि सत्कारमूर्ती इथे, आमच्या नमुन्यांच्या गोदामात. जमिनीला भोक पाडून काढलेल्या दगडाच्या कांड्या इथे लाकडी पेट्यांत ओळीने ठेवतात. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, पुस्तक लिहावं तशा. मी नवा असताना मॅडम म्हणाल्या होत्या, "सोपं आहे, भाऊ. धाकटा थर वर, थोरला खाली. एवढं सांभाळा, पुढचं जमीनच सांगते."

नेमकं तेवढंच मी सांभाळलं नाही.

बावीस वर्षांपूर्वी ही पेटी शिडीवरून माझ्या हातून निसटली. कांड्या चहूकडे. तुटकी तोंडं जुळवत मी त्या परत लावल्या. चिकणमातीचे तीन तुकडे काही केल्या जुळेनात. ते शेवटच्या ओळीत कोंबले आणि मूग गिळून बसलो. दुसऱ्या दिवशी मॅडमनी कांडी न् कांडी भिंगाखाली पाहिली. मातीचा कण दाताखाली धरला. कचकचली तर रेती, गुळगुळीत लागली तर चिकणमाती. मग लिहिलं: चार मीटरपासून पक्का खडक, माती थेट दहा मीटरवर.

त्या भरवशावर पाण्याची टाकी उभी राहिली आणि दोन वर्षांत एका अंगाला कलली. कुणी दगावलं नाही, एवढंच नशीब. चौकशीत मॅडम म्हणाल्या, "माझ्याच वाचण्यात चूक झाली असेल." गळ्यातलं भिंग त्यांनी इथल्या खिळ्याला अडकवलं, डोंगर सोडले आणि टेबल धरलं. ते भिंग मी रोज पुसत आलो. पुसून काय होणार होतं?

"का नको उघडू?" त्यांनी विचारलं.

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात बावीस वर्षं भर दुपार होती. मी सगळं सांगून टाकलं.

"धाकट्याला थोरल्याच्या खाली घातलं, मॅडम. पोरं लहान होती, नोकरी जाईल म्हणून घाबरलो. मग रोज म्हणायचो, उद्या सांगू."

त्या पेटीशी वाकल्या. मातीचा एक तुकडा उचलून कण दाताखाली धरला. मग तिन्ही तुकडे पहिल्या ओळीतल्या खडकाशी लावून पाहिले. तिसरा बसला. इतका नीट बसला की सांधा दिसेना.

"म्हणजे मी बरोबर वाचलं होतं."

"हो."

"वीस वर्षं मी दगडाला हात लावला नाही, भाऊ. वाटायचं, आपले डोळेच खोटे आहेत."

चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी दिल्या नाहीत. माफ केलं, असंही म्हणाल्या नाहीत. वरून शिपायाने हाक मारली, "मॅडम, सगळे थांबलेत!" त्यांनी खिळ्यावरचं भिंग काढलं, गळ्यात घातलं आणि जिना चढून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने फडकं घेऊन गेलो. हात खिळ्यापाशी गेला आणि तिथेच राहिला.