कोनफळ नसलेली परसबाग

एलिहियोच्या छातीचं दुखणं आता बरं होण्यातलं नाही, हे डॉक्टरांनी त्याला आणि त्याच्या बायकोला, ओब्दुलियाला, एकत्रच सांगितलं होतं. घरी आल्यावर त्याबद्दल दोघांनीही चकार शब्द काढला नाही. एलिहियो मात्र दुसऱ्या दिवसापासून परसबागेच्या मागे लागला. आपल्यामागे ओब्दुलियाला भाजीसाठी डोंगर उतरावा लागू नये, पोटासाठी सान्तो दोमिंगो शहरात तिच्या बहिणीच्या दारात जाऊन पडावं लागू नये, एवढाच त्याचा ध्यास. बहिणीच्या त्या शहरी खोलीत ती आठ दिवसांत कोमेजली असती.

तो खुर्चीत बसून काठीने जागा दाखवायचा आणि ओब्दुलिया खणायची.

"कुंपणाला तूर लाव. नाताळात हिरवे दाणे मिळतील. तिच्या शेंगा संपेपर्यंत भोपळा येतो."

"आणि पावसात?"

"केळी आहेत की. शिवाय कसाव्याचा कंद. सगळा एकदम लावू नकोस, दर महिन्याला थोडा. आणि उतरत्या चंद्रातच. चढत्यात लावलास तर नुसता पाला माजेल."

"लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय, म्हाताऱ्या. चंद्र काय तुझ्या एकट्याच्या मालकीचा?"

तो हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. ओब्दुलिया खाली मान घालून खणत राहिली.

संध्याकाळी पाणी घालता घालता तिने मनाशी एकेक महिना धरून पाहिला. रताळी होती, मिरची होती, कोथिंबीरही होती. एकही महिना रिकामा नव्हता. म्हाताऱ्याचं डोकं अजून शाबूत आहे म्हणून तिला बरं वाटलं, आणि मग एकदम लक्षात आलं, की यात कोनफळ कुठेच नाही. उकडलेल्या कोनफळाशिवाय एलिहियोची सकाळ होत नसे. तिला तो कंद अजिबात आवडत नसे. सोलताना हात खाजायचे, म्हणून इतकी वर्षं तोच सोलून घेत आला होता. बारा महिन्यांचा विचार करणारा माणूस हे विसरेल? छे. त्याने बाग एकाच तोंडापुरती आखली होती. ओब्दुलियाला रडू आलं, पण त्याहून जास्त त्याचा राग आला.

सकाळी उठून ती शेजारच्या फ्रेदेसविंदाकडे गेली, कोंब आलेला कोनफळाचा तुकडा घेऊन आली आणि त्याच्या खुर्चीसमोरच खणायला बसली.

"हे काय? अगं, चंद्र चढता आहे."

"असू दे."

"पालाच येईल. आणि तू तर हे खातही नाहीस. निघायला वर्ष जाईल त्याला. खाणार कोण?"

"तू."

एलिहियोने काठी मांडीवर आडवी ठेवली.

"आणि मी नसलो तर?"

"तर मी खाईन. हात खाजले तरी सोलीन, आणि रडत रडत खाईन. पण तुला वगळून आखलेली बाग मला नको. त्यापेक्षा मी बहिणीकडे जाते."

त्याचे डोळे भरून आले. त्याने ते पुसले नाहीत. हात पुढे करून तुकडा मागून घेतला, अंगठ्याने माती काढून कोंब नीट पाहिला.

"राखेत घोळवून सावलीत ठेव," तो म्हणाला. "चंद्र उतरायला लागला की मी लावतो. आणि खड्डा आणखी खण, म्हातारे. एवढ्याशा खड्ड्यात दोघांपुरतं यायचं नाही."