ट्रॅक्टराची खांदशेकणी

या, अशा जवळ सरकून बसा मायबापहो. आज एका ट्रॅक्टराची कथा सांगतो. हसू आलं तर हसा, देवाला ते चालतं.

सौंसरजवळच्या आमच्या गावातले रामाजी तुम्ही पाहिलेच असतील. त्यांचा शेवटचा बैल हरण्या उन्हाळ्यात गेला. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी. घरोघर लोक बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळत होते अन् रामाजी वाटी घेऊन रिकाम्या गव्हाणीपुढं उभे. शेवटी वळले, अंगणातल्या म्हाताऱ्या ट्रॅक्टराचं बॉनेट उघडलं अन् आत जे हाताला लागलं त्याला सगळी वाटी चोळून टाकली. वर म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पोळा झाला, दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकायची गोटमार झाली. मग त्यांच्या पोरानं, कुलदीपनं, ट्रॅक्टराला फवारणीचा पंप जोडला. आंबिया बहाराचा संत्रा गळत होता. झाडाखाली हिरव्या फळांचा सडा. फवारा लगेच झाला नाही तर वर्षभराची मेहनत मातीत.

ट्रॅक्टर चालू केला अन् त्याच्या अंगातच आलं. भर्रर्र करून असा चढला, की कीर्तनात बुवा रंगल्यावर पखवाजही तसा चढत नाही. लगेच हुं... हुं... करत जीव सोडल्यासारखा. पुन्हा भर्रर्र! फवारा एकदा कुंपणापलीकडं शेजाऱ्याच्या वाळत्या धोतरावर, एकदा कुलदीपच्याच पायावर.

"डिझलमंधी हवा धरली," म्हणून कुलदीपनं हवा काढली. फिल्टर बदलला. काही फरक नाही. उलट इंजन तापलं तसा शिऱ्यासारखा वास सुटला. शेजारची मंगला ताटली घेऊनच आली.

"सुचिता, परसाद कायचा व?"

"ट्रॅक्टराले इचार," रामाजींची सून म्हणाली.

सावरगावचा सागर मिस्त्री आला तो डोक्याला पट्टी बांधून.

"का बे, पयले तुलेच दुरुस्त करा लागते का?" रामाजींनी विचारलं.

"काकाजी, गोटमारीत डोकं फुटलं, हात साबूत हाय." त्यानं बॉनेट उघडलं. "अगा बाप्पा! हा हलवा कोनं शिजवला इथं?"

"खांद शेकला म्या त्याचा."

"ही गव्हर्नरची दांडी हाय, काकाजी. इंजन पळालं का डिझल कमी करते, मंदावलं का वाढवते. तुपात धूळ बसून चिकटली. आधी हालतच नाही, मंग एकदम हालते. रॉकेल द्या, धुतो."

"हात लावजो नको!" रामाजी आडवे झाले. "शेकल्या खांद्याले रॉकेल? हरण्याले लावलं होतं का कधी?"

"बाबा, फळं गळून राहिली!" कुलदीप ओरडला.

"गळू दे."

वाऱ्याची झुळूक आली. टप, टप, टप.

सुचितानं पदर खोचला. "मामाजी, हरण्या वजन कायनं ओढे?"

"खांद्यानं."

"अन् हा?"

रामाजी ट्रॅक्टरामागं जाऊन, वाकून पाहून आले. "हुकानं."

"मंग खांदा मागं हाय त्याचा. तुमी त बिचाऱ्याच्या नरड्यात तूप कोंबलं. श्वास अडकून राहिला त्याचा."

रामाजींचा चेहरा उतरला. "अरे देवा! अन् मले वाटे, लाडात येऊन राहिला."

रॉकेल त्यांनीच आणलं. आपल्या दाताच्या ब्रशनं दांडी त्यांनीच घासली. मधूनमधून विचारत, "दुखते का बाप्पा?" सागर मिस्त्री तोंड फिरवून पट्टी दाबत बसला, हसल्यानं टाके ओढत होते.

चालू केला. टक-टक-टक-टक. एका लयीत. अंधार पडेपर्यंत सगळी बाग फवारून झाली. पुढं फळगळ थांबली अन् संत्रा झाडावर टिकला. त्या संध्याकाळी मात्र कोणी झाडाकडं पाहतच नव्हतं. रामाजी ट्रॅक्टरामागं उकिडवे बसून हुकाला तूप चोळत होते, अन् मिस्त्री कंदिलासारखा मोबाईल धरून उभा होता.

मायबापहो, पुढल्या पोळ्याला आपल्या बैलाचा खांदा शेकाल, तेव्हा रामाजींची आठवण ठेवा. अन् जमलं तर त्यांना हाक मारा, तुमच्याही बैलाला एक हात लावू द्या.