मेंढीला चारलेली गोळी

जतहून मेंढरं हाकत दादासो कर्नाटकात, अथणीकडच्या शिवारात उतरला. तळ पडतो न पडतो तोच स्कूटीवरून एक नर्स हजर.

"रंगुबाई कोण? टीबीच्या गोळ्या आणल्यात बघा."

दादासोच्या कपाळाला आठ्या पडल्या. बायकोचं नाव हिला कुणी सांगितलं?

"जतच्या दवाखान्यातनं फोन आलता," नर्स म्हणाली. तिचं नाव शोभा. मराठीला कानडी हेल. "तुमी हद्द ओलांडली तरी गोळी तुटायची न्हाई, असं दोन्हीकडच्या डॉक्टरांचं ठरलंय. मधीच तुटली तर आजार हटायचा न्हाई."

या मुलखात मेंढरांना पाणी पाजायचं तर चार जणांच्या हातापाया पडावं लागतं, आणि गोळ्या मात्र फुकट, तळावर येऊन? दादासोला ते काही केल्या पटेना. त्यातून पाकीटही जतच्यापेक्षा वेगळं. रंगुबाईजवळच्या गोळ्या संपल्या होत्या, खोकल्याने पुन्हा डोकं वर काढलं होतं. तरी त्याने पाकीट आपल्याच कनवटीला खोचलं.

नवं औषध आलं की तो आधी एका म्हाताऱ्या मेंढीला द्यायचा. ती टिकली तरच बाकीच्या कळपाला. गडी सवयीचा गुलाम. त्याने भाकरीच्या तुकड्यात पाकिटातल्या काही गोळ्या घालून मेंढीला चारल्या आणि दिवसभर तिच्याकडे टक लावून बसला. मेंढी मुतली ती तांबडीलाल.

दुसऱ्या दिवशी शोभा दिसताच तो काठी आपटत तिच्या अंगावर धावला.

"इख देतीस व्हय गं? मेंढरू रगत मुतलं माझं!"

"गोळी मेंढीला दिली?" शोभा स्कूटीवरून खाली उतरली.

मागून रंगुबाई खोकत आली. "आवं, रगत न्हाई ते. गोळीचा रंग हाय. जतच्या गोळ्या चालू व्हत्या तवा माझं बी तसंच व्हायचं."

"मला कवा बोलली न्हाईस?"

रंगुबाईने त्याच्या कनवटीचं पाकीट ओढून घेतलं. त्याने तांब्या पुढे केला, पण शोभाच्या बाटलीतल्या पाण्याबरोबर तिने गोळ्या गिळल्या आणि तोंड पुसलं.

"मेंढी कशी मुतती, ते बगत दीसभर उन्हात बसला. मी इतकं दीस खोकून मराया लागले, तवा कुठं बगत व्हता?"